नकळत उघडी राहणारी दारे

निकालाचे दिवस आहेत. गुण भरण्याची मुदत उद्या संपते. शाळेच्या कार्यालयात एकच संगणक आणि त्याच्यासमोर शिक्षकांची रांग. लेखनिक बाईंना अचानक पंचायत समितीत जावे लागते. जाताना त्या सांगतात, "पासवर्ड काचेखाली आहे, तुम्ही भरून घ्या." टेबलाच्या काचेखाली, कॅलेंडरच्या शेजारी, एक चिठ्ठी असते. तिच्यावर शाळेचे नाव आणि पुढे १२३. दुपारपर्यंत चार शिक्षक त्या चिठ्ठीवर काम उरकतात. एकजण घरून आणलेला पेनड्राइव्ह जोडून गुणांचा तक्ता उतरवून घेतो, म्हणजे उरलेले काम रात्री घरी करता येईल. संध्याकाळी वीज जाते, सगळे घरी निघतात. वीज परत येते तेव्हा संगणक आपोआप सुरू होतो आणि रात्रभर तसाच राहतो.

या दिवसात चोरी कोणी केली? कोणीच नाही. शाळेचे वाईट व्हावे असे कोणाच्या मनात होते? अजिबात नाही. उलट प्रत्येकाची धडपड काम वेळेत व्हावे यासाठीच होती. तरीही संगणकाच्या सुरक्षेचा जाणकार तिथे असता, तर त्याने चार-पाच ठिकाणी तांबडी रेघ मारली असती.

मनात वाईट काही नसताना हातून होणाऱ्या अशा धोक्याच्या गोष्टी एखाद्या कचेरीत किती होतात, हे मोजता येईल का? गेली वीसपंचवीस वर्षे बरेच संशोधक याच्या मागे लागले आहेत. ताप मोजायला तापमापक आहे, पाऊस मोजायला पर्जन्यमापक आहे. सवय मोजायला काय वापरायचे? हा प्रश्न संगणकाचा कमी आणि मोजमापाचा जास्त आहे. आणि मोजमाप, म्हणजे परीक्षा घेणे, हा तर आपला शिक्षकांचा रोजचा धंदा. म्हणूनच हा विषय आपल्या वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

आधी मोजायचे काय ते ठरवू. अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठातील जेफ्री स्टँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली कर्मचाऱ्यांच्या संगणकविषयक वागणुकीची एक विभागणी मांडली. तिच्यात त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या. माणसाचा हेतू कसा आहे: वाईट, चांगला, की दोन्ही नाही? आणि त्याला संगणकाचे ज्ञान किती आहे: बेताचे की पुष्कळ? या दोहोंच्या जोड्या लावल्या की सहा कप्पे होतात. हेतू वाईट आणि ज्ञान पुष्कळ, तो कप्पा घातपाताचा. आपल्याला हवे आहेत ते मधले दोन कप्पे, जिथे हेतू वाईट नाही. ज्ञान बेताचे असेल तर होतात त्या भाबड्या चुका; काचेखालची चिठ्ठी ही त्यातलीच. आणि ज्ञान बऱ्यापैकी असेल तर होते ती धोक्याची खटपट. शाळेतला 'संगणकातले कळणारा' उत्साही शिक्षक संगणक सावकाश चालतो म्हणून व्हायरस रोखणारी प्रणालीच बंद करून टाकतो, ती ही खटपट. हा दुसरा कप्पा लोक विसरतात. जास्त कळणारा माणूस कमी धोक्याचा असतो, असे मुळीच नाही.

हे सगळे मोजण्याची एवढी गरज काय, असे कोणी विचारील. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून चोरांनी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये वळते केले. त्यांनी डाव लावला होता सुमारे ९५ कोटींचा. बाकीचे व्यवहार अडले किंवा रोखले गेले. या प्रकरणी अमेरिकी सरकारने दाखल केलेली फिर्याद २०१८ साली खुली झाली. तिच्यात दिसते की चोरीच्या वर्षभर आधी, २०१५ च्या सुरुवातीस, बँकेतील कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अर्जाची ई-पत्रे आली होती. अर्जदार नम्रपणे लिहीत होता की माझी माहिती सोबतच्या दुव्यावर आहे, कृपया पाहावी. बँकेच्या काही संगणकांवरून ती फाइल उतरवून घेण्याचा प्रयत्न झाला. आलेला अर्ज उघडून पाहणे ही काही वाईट सवय नव्हे, ते कचेरीतले कामच आहे! पुढे आपल्याला ही गोष्ट पुन्हा आठवावी लागेल.

आता मोजण्याच्या पद्धतींकडे वळू.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे माणसालाच विचारणे. ऑस्ट्रेलियातील कॅथरिन पार्सन्स आणि सहकाऱ्यांनी अशी एक प्रश्नावली तयार केली आणि २०१४ पासून तिच्यावरचे लेख प्रसिद्ध केले. तिची बांधणी शिक्षकांना आवडेल अशी आहे. सात विषय घेतले: पासवर्ड, ई-पत्रे, इंटरनेट, समाजमाध्यमे, मोबाइलसारखी जवळ बाळगायची साधने, माहितीची हाताळणी आणि गडबड दिसली तर ती कळवणे. प्रत्येक विषयाचे तीन उपविषय केले. आणि प्रत्येक उपविषयावर तीन विधाने लिहिली: एक ज्ञानाचे, एक वृत्तीचे, एक वर्तनाचे. सात गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ६३ विधाने. प्रत्येक विधानापुढे 'अगदी मान्य' पासून 'अगदी अमान्य' पर्यंत पाच पायऱ्या.

हे तीन प्रकार कसे वेगळे, ते पाहण्यासाठी आपणच तीन विधाने रचू. 'आपला पासवर्ड सहकाऱ्याला सांगायला आमच्या कार्यालयात परवानगी आहे.' हे ज्ञानाचे. 'सहकारी विश्वासू असेल तर त्याला पासवर्ड सांगण्यात काही बिघडत नाही.' हे वृत्तीचे. 'मी माझा पासवर्ड सहकाऱ्यांना सांगतो.' हे वर्तनाचे. आपल्या लेखनिक बाई पहिल्या विधानाला कदाचित 'अगदी अमान्य' म्हणतील, कारण परिपत्रक त्यांनीच फाइलला लावलेले आहे. दुसऱ्याला त्या अडखळतील. तिसऱ्याला, प्रामाणिक असतील तर, 'मान्य' म्हणतील. म्हणजे त्यांना नियम माहीत नाही असे नाही. त्यांच्यापुढे नियमावर तासभर भाषण देऊन काहीच साधणार नाही. तीन वेगळे प्रश्न विचारले म्हणून हे कळले. एकच विचारला असता तर आपण 'अज्ञान' असा शिक्का मारून मोकळे झालो असतो.

अशा प्रश्नावलीत काही विधाने सरळ तर काही उलटी लिहितात. म्हणजे एका विधानाला 'मान्य' म्हणणे शहाणपणाचे, तर दुसऱ्याला 'अमान्य' म्हणणे. कारण कंटाळलेला माणूस वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात खुणा करत जातो. आपल्या बहुपर्यायी परीक्षेतही काही महाभाग सगळीकडे 'ब' लिहितात, तसेच.

पण प्रश्नावली कितीही नेटकी असली तरी एक शंका राहतेच. माणूस सांगतो ते आणि करतो ते एकच असते का? तराजू दर वेळी एकच वजन दाखवतो एवढ्याने तो खरा ठरत नाही. पारड्याखाली कोणी चिंच चिकटवली असेल तर तो दर वेळी एकच वजन दाखवील, आणि दर वेळी चुकीचे दाखवील.

रिक वॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासले. त्यांनी १२२ जणांच्या संगणकांवर, त्यांच्या संमतीने, सहा आठवडे नोंद ठेवणारी प्रणाली बसवली आणि त्याच माणसांकडून प्रश्नावलीही भरून घेतली. मग दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की थोड्याच सवयींच्या बाबतीत सांगणे आणि करणे यांचा काही मेळ बसतो. जिथे माणसाला त्या क्षणी ठरवून काही कृती करावी लागते अशाच बहुतेक त्या गोष्टी होत्या. बाकी अनेक महत्त्वाच्या सवयींबद्दल लोकांनी जे सांगितले त्यावरून ते काय करतात याचा अंदाज येत नव्हता.

मग लोक खोटे बोलतात का? काही जण आपली बाजू थोडी उजळ करून सांगत असतीलही. पण मुख्य कारण साधे असावे असे आम्हाला वाटते. सकाळी घरातून निघताना कडी लावली का, हे दुपारी आठवून पाहा. बहुधा आठवत नाही. लावलेली असते, पण हाताने लावली, मनाने नाही. सवय म्हणजे मनाला कळू न देता होणारी गोष्ट. आणि आपण ती मनालाच विचारायला जातो! शिवाय कार्यालयात कोणीही 'आज मी सुरक्षा करणार' म्हणून येत नाही. तो गुण भरायला, बिले काढायला येतो. सुरक्षा त्या कामाच्या कडेला कुठेतरी असते.

दुसरी पद्धत म्हणजे माणसाला न विचारता त्याने मागे ठेवलेल्या खुणा पाहणे. ही पद्धत जुनी आहे. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली ३,२८९ पासवर्ड तपासल्याचे लिहिले आहे. पासवर्ड गुप्त रूपात साठवलेले होते, तेव्हा त्यांनी एक एक शक्यता गुप्त रूपात बदलून ताडून पाहिली. एकच अक्षर असलेले १५ निघाले. दोन अक्षरांचे ७२. शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडणारे ४९२. अशा रीतीने सहज हाती लागणारे एकूण २,८३१, म्हणजे ८६ टक्के. २००७ साली मायक्रोसॉफ्टच्या दिनेई फ्लोरेंसियो आणि कॉर्मॅक हर्ली यांनी सुमारे पाच लाख जणांच्या तीन महिन्यांच्या नोंदी अभ्यासल्या. सरासरी माणसाची खाती २५ आणि पासवर्ड साडेसहा, असे गणित निघाले. खुणा खोटे बोलत नाहीत हे खरे, पण त्या 'का' ते सांगत नाहीत. आणि आपल्या प्रत्येक कळदाबाची नोंद मालक ठेवतो आहे हे कोणाला आवडेल?

तिसरी पद्धत सापळ्याची. हिच्यावर थोडे रेंगाळू, कारण आज जगभरच्या कचेऱ्यांत हीच सर्वांत जास्त चालते आणि गोंधळही हिच्यातच जास्त आहे.

मासे पकडायला गळ टाकतात तशी खोटी ई-पत्रे टाकून लोकांचे पासवर्ड काढून घेण्याला फिशिंग म्हणतात. कंपनी स्वतःच आपल्या माणसांना असे खोटे पत्र पाठवते आणि कितीजण गळाला लागले ते मोजते. त्यात खरे नुकसान काही होत नाही. २००४ साली अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट येथील लष्करी प्रबोधिनीत ५१२ छात्रांना एका कर्नलच्या नावाने पत्र गेले. तुमच्या गुणपत्रकात काही घोटाळा आहे, खालच्या दुव्यावर पाहा, असा मजकूर होता. असा कर्नल तिथे नव्हताच. ८० टक्क्यांहून अधिक छात्रांनी दुवा उघडला. आता सांगा, हे छात्र बेफिकीर होते का? वरिष्ठाची आज्ञा ताबडतोब पाळायची, हेच तर तिथे रात्रंदिवस शिकवतात. सापळ्याने मोजली ती त्यांची शिस्त!

पुढच्याच वर्षी इंडियाना विद्यापीठात विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग झाला. एका गटाला विद्यापीठातल्याच पण अनोळखी नावाने पत्र गेले, तेव्हा १६ टक्के फसले. दुसऱ्या गटाला त्यांच्याच मित्राच्या नावाने गेले. कोण कोणाचा मित्र, हे संशोधकांनी समाजमाध्यमांवर उघड असलेल्या माहितीवरून काढले होते. या गटातले ७२ टक्के फसले. विद्यापीठ तेच, काळ तोच, फरक फक्त सहीचा.

पेनड्राइव्हचा प्रयोग तर गोष्टीसारखा आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन येथील आवारात संशोधकांनी २९७ पेनड्राइव्ह जणू पडून राहिले आहेत असे ठिकठिकाणी टाकले. काहींवर काहीच लिहिले नव्हते, काहींना किल्ल्यांचा जुडगा अडकवला होता, काहींवर मालकाचा पत्ता होता, काहींवर 'गोपनीय', तर काहींवर 'अंतिम परीक्षेची उत्तरे' असे लिहिले होते. आतली फाइल उघडली की संशोधकांना कळत असे आणि उघडणाऱ्यालाही खरा प्रकार सांगितला जाई. पहिला पेनड्राइव्ह सहा मिनिटांच्या आत जोडला गेला! एकूण २९० पेनड्राइव्ह जागेवरून उचलले गेले आणि १३५ मधील फाइल उघडली गेली.

मग नेमके कितीजणांनी पेनड्राइव्ह संगणकाला जोडला? इथे संशोधकांचा नेमकेपणा पाहण्यासारखा आहे. फाइल उघडली तरच त्यांना कळणार. जोडला पण फाइल उघडली नाही, असेही असू शकते. उचलून खिशात ठेवला, असेही. म्हणून त्यांनी २०१६ च्या निबंधात एक आकडा दिला नाही. किमान ४५ टक्के, कमाल ९८ टक्के, असे दोन दिले. मोजता येते तेवढेच सांगायचे आणि उरलेली फट उघडी ठेवायची. विज्ञान शिकवताना मुलांना दाखवावे असे हे उदाहरण आहे.

ज्यांनी नंतर प्रश्नांना उत्तरे दिली त्यांतील ६८ टक्के म्हणाले की मालकाचा शोध लागावा म्हणून आम्ही तो जोडला. १८ टक्क्यांनी कुतूहल हे कारण सांगितले. पण निबंध आणखी एक गंमत नोंदवतो. परोपकाराच्या इराद्याने पेनड्राइव्ह जोडणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी मालकाचा शोध घेण्याआधी सुटीतल्या फोटोंसारख्या फाइली उघडल्या. यात हसण्यासारखे काय आहे? आपण काय केले असते? मात्र पत्ता लिहिलेले पेनड्राइव्ह उघडण्याचे प्रमाण कमी होते. पत्ता हाती असला की आत डोकावण्याची गरजच उरत नाही, असा त्याचा अर्थ लावता येईल.

आता गोंधळाकडे येऊ. समजा एका कार्यालयाने मार्चमध्ये खोटे पत्र पाठवले, ३० टक्के फसले. मग प्रशिक्षण दिले. जूनमध्ये दुसरे पत्र पाठवले, फक्त २ टक्के फसले. साहेब खूश. पण सुधारले कोण, कर्मचारी की आकडा?

सहामाहीला कठीण प्रश्नपत्रिका काढली, वर्ग नापास झाला. वार्षिकला सोपी काढली, वर्ग पास झाला. यावरून मुले हुशार झाली असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. प्रश्नपत्रिका किती कठीण होती, हे आपण आधी विचारू. सापळ्याच्या पत्रांबाबत मात्र हा साधा प्रश्न कित्येक वर्षे कोणी गंभीरपणे विचारला नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेतील मिशेल स्टीव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली एक मापपट्टी मांडली. पत्र किती कठीण, हे ती दोन गोष्टींवरून ठरवते. एक, संशयास्पद खुणा किती आहेत: शुद्धलेखनाच्या चुका, विचित्र पत्ता, उगाच घाई. दोन, पत्राचा विषय वाचणाऱ्याच्या रोजच्या कामाशी किती जुळतो. ही दुसरी गोष्ट आम्हाला जास्त मोलाची वाटते. नोकरीचा अर्ज विज्ञान शिक्षकाला आला तर तो सोडून देईल. बँकेच्या भरती विभागात आला तर तो उघडलाच जाईल. बांगलादेशची गोष्ट आठवा.

हा फरक केवढा असू शकतो? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील आरोग्यसेवेत १९,५०० हून अधिक कर्मचाऱ्यांवर आठ महिने प्रयोग चालला. त्यावरचा निबंध २०२५ साली प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या आशयाची दहा पत्रे पाठवली गेली. पासवर्ड नव्याने भरा असे सांगणाऱ्या पत्राला २ टक्क्यांहूनही कमी जण फसले. रजेच्या नियमांत बदल झाला आहे असे सांगणाऱ्या पत्राला ३०.८ टक्के फसले. माणसे तीच, आमिष वेगळे. आणि प्रशिक्षण घेतलेले व न घेतलेले यांच्यातील सरासरी फरक किती? फक्त १.७ टक्क्यांचा. म्हणजे एका आमिषाऐवजी दुसरे निवडण्याने आकडा जेवढा हलतो, त्यापुढे प्रशिक्षणाचा परिणाम नगण्य आहे.

झुरिकच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याहून चकित करणारा आहे. एका मोठ्या कंपनीत १४,७३३ जणांवर तो पंधरा महिने चालला. जो फसेल त्याला लगेच, तिथेच, समजावून सांगणारे पान दाखवायचे, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ऐकायला ती किती योग्य वाटते! पण त्याने कर्मचारी अधिक सावध झाले नाहीत. उलट फसण्याकडे त्यांचा कल थोडा वाढलाच. कदाचित त्यांना वाटले असेल की कंपनी आपल्याला सांभाळून घेतेच आहे. उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. संशयास्पद पत्र दिसले की दाबायचे एक बटण कर्मचाऱ्यांना दिले होते. लोक ते महिनोन्‌महिने वापरत राहिले आणि त्यांच्या इशाऱ्यांवरून नवे हल्ले लवकर ओळखता आले.

हे बटण एवढे का महत्त्वाचे, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना गणिताने पटवता येईल. समजा कचेरीत १०० जण आहेत आणि एखाद्या पत्राला फसण्याची प्रत्येकाची शक्यता १० टक्के आहे. कोणीच फसणार नाही याची शक्यता ०.९ चा शंभरावा घात, म्हणजे लाखात तीनहूनही कमी. आता खूप मेहनत करून ही शक्यता २ टक्क्यांवर आणली. मग ०.९८ चा शंभरावा घात घ्या: सुमारे ०.१३. म्हणजे अजूनही किमान एक जण फसण्याची शक्यता ८७ टक्के! (प्रत्येकजण दुसऱ्यापासून स्वतंत्रपणे वागतो असे इथे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात शेजारच्या टेबलावरून "अहो, ते पत्र उघडू नका" असे कोणी ओरडते, तेव्हा ते खरे राहत नाही.) चोराला शंभर दारे नको असतात, एक पुरते. मग 'किती टक्के फसले' एवढेच मोजत बसण्यापेक्षा 'पहिला इशारा किती मिनिटांत आला' हे मोजणे जास्त कामाचे नाही का? ज्या कचेरीत फसलेल्याला सर्वांसमोर बोल लावतात, तिथे तो इशारा येणारच नाही. मोजण्याच्या पद्धतीनेच मोजायची गोष्ट बिघडली, असे ते होईल.

२०२० च्या डिसेंबरात, महामारीच्या वर्षात, गोडॅडी या अमेरिकी कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना ६५० डॉलर बोनस मिळणार असल्याचे पत्र धाडले. तो सापळा होता. सुमारे ५०० जण त्यात सापडले. बोनस मिळाला नाही, मिळाली ती प्रशिक्षण पुन्हा घेण्याची सूचना. बातमी बाहेर आल्यावर कंपनीने माफी मागितली. खरे चोर दयामाया दाखवत नाहीत, हे खरे. पण चोराला उद्या त्याच लोकांकडून काम करून घ्यायचे नसते.

राहिला प्रश्न चिठ्ठीचा. सवयी मोजताना बहुधा फक्त माणूस मोजला जातो, नियम मोजला जात नाही. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, हा नियम अनेक ठिकाणी होता आणि काही ठिकाणी अजून आहे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी अशा नियमाखालच्या ७,७०० हून अधिक जुन्या खात्यांचे पासवर्ड तपासले. २०१० साली त्यांनी दाखवले की आधीचा पासवर्ड माहीत असेल तर नंतरच्या ४१ टक्के पासवर्डचा छडा संगणकाला काही सेकंदांत लागतो. कारण लोक शेवटचा १ काढून २ करतात, पुढच्या वेळी ३. नियम पाळला गेला, सुरक्षा वाढली नाही. २०१७ साली वर उल्लेख केलेल्या अमेरिकी मानक संस्थेनेच सांगितले की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसेल तर तो ठरावीक काळाने बदलायला लावू नये. त्याआधी, १९९९ मध्येच, लंडनच्या ॲन ॲडम्स आणि अँजेला सासे यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते की वापरणारा माणूस हा शत्रू नाही. पासवर्ड कागदावर लिहिणारे लोक त्यांनाही भेटले होते. एकेका माणसाला अनेक पासवर्ड आणि तेही वारंवार बदलणारे. ते डोक्यात मावत नव्हते, म्हणून कागदावर उतरत होते. आपल्या शाळेत चार शिक्षकांना एकच खाते वाटून घ्यावे लागत असेल, तर चिठ्ठी काचेखाली जाणारच. तिथे मोजायला हवे ते खात्यांची संख्या आणि शिक्षकांची संख्या.

ही सगळी भानगड संगणकाशिवायही वर्गात करून पाहता येते. शाळेच्या सायकल स्टँडवर समजा साठ सायकली लागतात. मुलांकडून, नाव न लिहिता, एक छोटी प्रश्नावली भरून घ्यावी: सायकलला कुलूप लावावे असे वाटते का, लावायला सांगितले आहे का, आणि तू रोज लावतोस का. त्याच आठवड्यात दोन-तीन मुलांनी स्टँडवर जाऊन कुलूप लावलेल्या सायकली मोजाव्यात. कोणाची सायकल ते टिपायचे नाही, फक्त संख्या. एकदा घंटेच्या अर्धा तास आधी मोजावे आणि एकदा घंटा होऊन गेल्यावर, उशिरा आलेल्यांच्या सायकली पाहाव्यात. पावसाच्या दिवशीही मोजता आले तर उत्तम. मग कागदावरचा आकडा आणि स्टँडवरचे आकडे फळ्यावर शेजारी लिहावेत. कुलूप नसलेल्यांपैकी किती सायकलींचे कुलूपच मोडलेले आहे, हेही पाहायला विसरू नये; बहीणभावांत एकच किल्ली असण्याचा प्रकारही निघेल.

सुरुवात करण्याआधी मुलांपुढे एक प्रश्न ठेवावा. आपण कुलपे मोजणार आहोत, हे सगळ्या शाळेला आधी सांगायचे की नाही? सांगितले तर त्या आठवड्यात सगळे कुलूप लावतील आणि रोजची सवय कळणार नाही. न सांगितले तर कोणी म्हणेल, आमच्यावर पाळत का ठेवली? यावर मुलांना भांडू द्यावे, आणि जे ठरेल ते वहीच्या पहिल्या पानावर, आकड्यांच्या आधी, लिहून ठेवायला सांगावे.